आठव्या पानावरचं कमळ

१

"पासपोर्ट हातात आला की आधी पानं मोजायची, यन-ह्वा. चेहरा नंतर बघ. चेहरा काही पळून जात नाही."

पेक साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचा हा खर्जातला आवाज हाम यन-ह्वाच्या कानातून गेला नव्हता. बुसानच्या जुन्या बंदरामागे त्यांची छोटीशी प्रवास कचेरी होती, ती आता यन-ह्वाच सांभाळायची. पहाटे चारला उठून एकशे आठ साष्टांग नमस्कार, मग भाताची पेज, मग कचेरी, हा तिचा नेम. यंदा तिनं शंभर दिवसांचं व्रत धरलं होतं, आणि त्या शुक्रवारी त्याचा नव्वदावा दिवस होता.

मंगळवारी पंधरा जणांचा गट उत्तरेकडच्या चार देशांना निघायचा होता. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना कचेरीत बोलावलं होतं. तिकिटं बघणारे नामगुंग फळ्यापुढे उभे राहून घसा ताणत होते.

"व्हिसा लागत नाही हो, नव्वद दिवसांपर्यंत नाही लागत! पण परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने जिवंत पाहिजे. आणि चौदा नंबरची सूचना पुन्हा सांगतो, पासपोर्टवर हौसेनं कुठला शिक्का मारून घेतला असेल, तर विमानतळावरनंच घरी पाठवतील. पासपोर्ट म्हणजे काही नातवाची चित्रकलेची वही नव्हे!"

कोपऱ्यातल्या मेजावर यन-ह्वा एकेक पासपोर्ट बघत होती आणि यादीवर 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारत होती. मागच्या हिवाळ्यात देवळाच्या पायऱ्यांवर ती घसरली होती, तेव्हापासून उजवं मनगट पुरतं वळत नसे.

"बघा, बघा," नामगुंग यादीत डोकावून म्हणाले. "हामबाईंचा शिक्का परत डावीकडे कलला. कागदसुद्धा वाकून नमस्कार करतोय!"

सगळे हसले. यन-ह्वाही हसली आणि तिनं पुढचा पासपोर्ट घेतला. तो प्यो आजींचा होता, वय वर्षं एक्याऐंशी. सव्वीस पानांची पातळ पुस्तिका. बोटं आपोआप चालू लागली.

चोवीस.

तिनं पुन्हा मोजली. चोवीसच. आठव्या पानानंतर एकदम अकरावं येत होतं.

२

लोक पांगल्यावर तिनं प्यो आजींना थांबवून घेतलं. दार लावलं, जवाचा गरम चहा पुढे ठेवला आणि जे होतं ते सांगितलं.

आजींनी पासपोर्ट हातात घेतला. बराच वेळ शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी कोरडा होता.

"म्हणजे मी जात नाही."

"पान फाटलेला पासपोर्ट चालत नाही, आजी. विमानात चढू देणार नाहीत."

आजींनी पिशवीतून एक पत्र काढलं. कचेरीत ते सगळ्यांना पाठ होतं. पन्नास वर्षांपूर्वी आजींचे पहिले यजमान समुद्रात बुडून गेले. तेव्हा चार वर्षांची लेक दल-रे त्यांनी अनाथालयाच्या दारात सोडली होती, आणि तिथून ती नॉर्वेला दत्तक गेली. आता तिथल्या बर्गेन गावी तिची नातवंडं होती. तीन वर्षांपूर्वी तिनं आईला शोधून काढलं. पहिल्या वेळी साथीच्या रोगानं वाट अडवली, दुसऱ्या वेळी आजींच्या खुब्याचं हाड मोडलं. या खेपेच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं: *मी गुरुवारी बंदरावर उभी राहीन. तुम्ही तिसऱ्यांदाही आला नाहीत, तर मी पुन्हा बोलावणार नाही. माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही.*

"तिला म्हणाले होते," आजी म्हणाल्या, "दहा रात्री झोप, मग मी येतेच. बोटांवर मोजायला शिकवलं होतं तिला. दहा."

यन-ह्वानं आजींचा हात हातात घेतला. "आजी, गुरुवारी तुम्ही बंदरावर असाल. माझा शब्द."

नामगुंगांनी डोळे वटारले. आजी जरा बाजूला गेल्यावर ते कुजबुजले, "शब्द कसला देता? आज शुक्रवार, सरकारी कचेऱ्या बंद झाल्या. सोमवारी तातडीचा पासपोर्ट मिळेल, एका प्रवासापुरता. पण तो कुठला देश घेतो, कुठला नाही, ते ज्याच्या त्याच्या दूतावासाला विचारावं लागतं. आणि अर्जात लिहावं लागतं की पान कसं गेलं. काय लिहिणार, उंदरानं खाल्लं?"

"खरं काय ते लिहिणार. सोमवारपर्यंत शोधून काढते. आणि नामगुंगसाहेब, ज्यानं हे पान काढलं त्याला आजींनी जाणं नको असेल, तर तो दुसराही पासपोर्ट सोडणार नाही."

तिनं पुस्तिका दिव्याखाली धरली. पान ओढून फाडलेलं नव्हतं, मुळापाशी बारीक पात्यानं कापलं होतं. शिवलेल्या वहीतलं एक पान कापलं की त्याचं जोडपान सुटतं. इथं ते सुटलं नव्हतं. गडद निळ्या दोऱ्याचे दोन टाके घालून कुणीतरी ते जागच्या जागी बसवलं होतं.

"आणि हे काय?" नामगुंगांनी बोट ठेवलं.

आठव्या पानावर पुसट तांबूस डाग होता. समोरच्या, आता नसलेल्या पानावरचा ओला शिक्का पुस्तिका मिटल्यावर इकडे उमटला असणार. पाकळ्या होत्या की किरणं, कळत नव्हतं. अक्षरं उलटी आणि अर्धवट होती.

"उजवीकडे कललाय," नामगुंग म्हणाले. "तुमचा नव्हे, हामबाई. तुम्ही सुटलात!"

आजी निघताना नामगुंगांनी त्यांच्या हातात माशाच्या वड्यांचा कागदी पेला ठेवला. आजींनी तिथंच एक तोंडात टाकली.

"देव तुमचं भलं करो. आमच्या सूनबाईंनी गेल्या मंगळवारी घरात माशाचं शेपूटही शिरू दिलं नाही. नुसतं मोड आलेल्या कडधान्याचं पाणी आणि भात! विचारलं तर म्हणते, पोटाला विश्रांती. माझ्या पोटाला का तिच्या, देव जाणे."

पासपोर्ट घरी कोण कोण हाताळतं, असं यन-ह्वानं सहज विचारलं.

"मी, मुलगा, सून. आणि ती बांग. ती तर माझ्या अंतर्वस्त्रांचासुद्धा कप्पा उघडते."

३

शेजारच्या बांग आजी या सहलीत प्यो आजींच्या खोलीत राहणार होत्या. शनिवारी सकाळी यन-ह्वा त्यांच्याकडे पोचली तेव्हा त्यांचं सामान तिसऱ्यांदा भरून झालं होतं. पेटीत दहा दिवसांची तिखट लाल पेस्ट कोंबलेली होती.

शिक्का हा शब्द ऐकताच बांग आजींचा चेहरा खुलला आणि त्यांनी पेटीतून निळ्या पुठ्ठ्याची एक पुस्तिका काढली. वर ठळक अक्षरांत 'पासपोर्ट' असं छापलं होतं.

यन-ह्वानं हात पुढे केला.

"दीपस्तंभांचा आहे, बाई! किनाऱ्यावरचा एकेक दीपस्तंभ बघायचा आणि शिक्का मारून घ्यायचा. एकोणीस झाले माझे. गेल्या आठवड्यात प्योला घेऊन गेले होते एके ठिकाणी."

"आजींच्या हातात तेव्हा कुठला पासपोर्ट होता?"

बांग आजींचं हसू मावळलं. "म्हणजे मी मारला म्हणता? खऱ्या पासपोर्टावर? अहो, मी म्हातारी आहे, मूर्ख नाही! तो नामगुंग चौदा नंबर चौदा नंबर म्हणून महिनाभर कोकलतोय."

यन-ह्वानं पुस्तिका चाळली. दीपस्तंभांना किरणं होती खरी, पण एकूणएक शिक्के निळ्या शाईचे होते, आणि ती शाई मारताक्षणी वाळलेली. कुठेही समोरच्या पानावर डाग नव्हता. आठव्या पानावरचा डाग तांबडा होता, तेलकट. तसली शेंदराची तेलकट शाई दोनच ठिकाणी वापरतात, दस्तऐवजावर आणि देवळात.

तिनं वाकून माफी मागितली.

"माफी राहू दे," बांग आजी म्हणाल्या. "तिच्या मुलाला विचारा. परवा ओरडत होता, आई, तू जाणार नाहीस म्हणजे नाहीस! भिंत पातळ आहे आमची."

४

प्यो आजींचा मुलगा मेंग चुल-हो जहाज दुरुस्तीच्या गोदीत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. कोपरापर्यंत काळं वंगण. यन-ह्वाला बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"आईनं सांगितलं रात्री. मीच केलं म्हणायला आलात ना? या, बसा. सगळे तेच म्हणतायत, तुम्ही तरी मागं का राहाल?"

"तुम्ही ओरडलात, असं ऐकलं."

"ओरडलो. पहिल्या वेळी जाणं रद्द झालं तेव्हा तिनं आठ दिवस अन्न सोडलं. दुसऱ्या वेळी इस्पितळात भिंतीकडे तोंड करून महिनाभर पडली होती. तिसऱ्यांदा काही झालं तर मी आईला खांद्यावरून न्यायचं का?" त्यानं हात पुसायला चिंधी उचलली. "आणि ती बाई. माझी बहीण. तिचं नावसुद्धा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं मला. राग नाही येणार?"

"तिचा राग येतो?"

त्यानं चिंधी बोटांत पिळली. "नाही. मी दुसऱ्या लग्नाचा. मला ठेवलं आणि तिला दिलं, त्याची लाज वाटते. लाज ओरडूनच बाहेर पडते माझी."

यन-ह्वानं पासपोर्ट पुढे केला. त्यानं तो घेतला, बघितला, परत दिला. निळ्या वेष्टनावर काळा अंगठा ठसठशीत उमटला.

"बघितलंत?" तो ओशाळून म्हणाला. "तीन वेळा साबण लावला तरी हे असंच. घरचा भातसुद्धा काळा होतो. आणि हे टाके! बाई, मला फाडायचा असता तर अख्खा फाडला असता."

यन-ह्वाला ते पटलं. कालपर्यंत त्या पुस्तिकेवर वंगणाचा ठिपकाही नव्हता. ज्यानं पान कापलं त्याला उरलेली पुस्तिका जपायची होती. जायला अडवणारा माणूस टाके घालत नाही.

परतताना बसमध्ये ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. आजी म्हणाल्या मंगळवार. गेल्या मंगळवारी घरात मासा नाही. मंगळवार...

मंगळवारी चांद्र महिन्याची प्रतिपदा होती. त्या दिवशी ती स्वतः पहाटेपासून देवळात होती. प्रतिपदेला मासा वर्ज्य करतात ते देवळात जाणारे. आणि प्यो आजींची सून तर गावभर सांगत फिरायची, की तीन वर्षांत तिनं देवळाची पायरी चढली नाही.

५

त्या सुनेचं, ओक-जूचं, कपडे दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. एक शिलाई यंत्र, दोऱ्यांची भिंत, गिऱ्हाइकांसाठी माणसाएवढा आरसा. यन-ह्वा आत गेली तेव्हा ती एका विजारीची घडी उसवत होती. हातात शिवण उसवायचं बारीक पातं होतं.

"मंगळवारी दुकान बंद होतं का, ओक-जू?"

"छे. दिवसभर इथंच होते."

"कुठल्या देवळात गेली होतीस?"

पातं थांबलं. ओक-जूनं मान वर केली नाही.

"सासूबाईंना सांगितलंत?"

"अजून कुणालाच नाही."

मग ओक-जू रडली, अगदी आवाज न करता, जशी सवयीनं रडतात तशी. "त्यांचा पासपोर्ट देवापुढे ठेवायला नेला होता. त्या दोघींची भेट होऊ दे म्हणून. मला आई नाही, हामबाई. मला ठाऊक आहे, नसणं कसं असतं ते. घरी कळलं तर सगळे म्हणतील, ही कोण मध्ये पडणारी? म्हणून गुपचूप गेले. कापडी खोळीत घातला होता, बरोबर माझी यात्रेची शिक्क्यांची वही. फुलं काढायला दोन्ही मेजावर ठेवलं. गर्दी ही एवढी. शिक्क्याच्या मेजावर ज्या होत्या त्यांनी मंत्र म्हणत म्हणत एक उघडलं, शिक्का मारला, दुसरं उघडलं, शिक्का मारला. मी तोंड उघडेपर्यंत झालंसुद्धा."

"मग?"

"तुमच्याच कागदावर लिहिलंय, चौदा नंबर. शिक्का असेल तर घरी पाठवतील. वाटलं, शिक्काच नसला तर? सव्वीसातलं एक पान कोण मोजतंय!"

"मी मोजते," यन-ह्वा हळूच म्हणाली. "शिक्का कुणी मारला?"

ओक-जूनं पातं पुन्हा विजारीच्या शिवणीला लावलं.

"ओक-जू, सोमवारी अर्जात खरं लिहायचंय मला. कोण होतं मेजावर?"

"चेहरा नाही बघितला. मान खाली होती, तोंडावर पट्टी होती."

ती खोटं बोलत होती. आणि बोलताना तिची नजर एकदाच, पापणी लवावी तशी, यन-ह्वाच्या उजव्या मनगटावरून गेली.

यन-ह्वानंही आपल्या मनगटाकडे पाहिलं. ती उठून आरशापुढे गेली. पासपोर्टचं आठवं पान उघडून तिनं आरशाला दाखवलं.

उलटी अक्षरं सुलटी झाली. आठ पाकळ्यांचं कमळ, खाली तिच्याच देवळाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं. आणि उजवीकडे कललेला डाग आरशात डावीकडे कलला. वाकून नमस्कार केल्यासारखा.

प्रतिपदेला शिक्क्याच्या मेजावर सेवा तिचीच असते. त्या दिवशी तिनं तीनशेवर वह्यांवर शिक्के मारले होते, डोळे अर्धे मिटून, प्रत्येक शिक्क्याला एक नाम. मोठ्या भक्तिभावानं. हातात काय आलंय ते न बघता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"घरात काही मोडलं की सुनेनंच मोडलेलं असतं. त्याची मला सवय आहे," ओक-जू म्हणाली. "तुमचं नाव आलं असतं तर तुमची कचेरी बुडाली असती."

यन-ह्वा तिच्यासमोर फरशीवर बसली. "मी तुझं नाव कुणाला सांगणार नाही. माझं मात्र सांगणार."

६

सोमवारी सकाळी नऊला ती प्यो आजींना घेऊन पासपोर्ट कचेरीच्या दारात उभी होती. कारणाच्या रकान्यात तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: देवळात चुकून धार्मिक शिक्का उमटला, तो काढण्यासाठी घरच्या माणसानं पान कापलं. शिक्का मारणारी मी. खाली सही.

दुपारी तातडीचा पासपोर्ट हातात आला. आधी पानं मोजली, मग चेहरा बघितला. शुक्रवारी रात्रीच नामगुंगांनी चारही दूतावासांना लिहून ठेवलं होतं. चारपर्यंत दोघांचा लेखी होकार आला, नॉर्वेचा आणि फिनलंडचा. बाकीच्या दोघांचं उत्तर आठवड्यानं.

"गट पहिल्यांदा उतरतो तो डेन्मार्कला," नामगुंग म्हणाले. "आजी गटाबरोबर जाऊ शकत नाहीत. फिनलंडमार्गे थेट नॉर्वे, अशी वेगळी वाट आहे. उद्या सकाळचीच. पण एकट्या?"

आजींचं सगळं घर कचेरीत जमलं होतं. यन-ह्वा उभी राहिली आणि कमरेत वाकून तिनं आजींना नमस्कार केला.

"शिक्का माझ्या हातचा होता, आजी. पान कुणी काढलं ते मला ठाऊक आहे. वाईट हेतूनं काढलेलं नाही. नाव मी सांगणार नाही."

चुल-होनं तोंड उघडलं. ओक-जूचा चेहरा पांढरा पडला. पण आजीच आधी बोलल्या.

"नको सांगूस. मला शुक्रवारीच कळलं."

"कसं?"

"असे उलट गाठीचे टाके या गावात दोघीच घालतात. एक मी, आणि एक जिला मी शिकवले ती." आजींनी सुनेकडे बघितलं. "टाके चांगले पडलेत. पण मेली, मला बरोबर न्यायचं होतंस ना देवळात! मोडांचं पाणी पाजण्यापेक्षा बरं झालं असतं."

नामगुंग खो-खो हसले आणि मग एकदम चूप झाले, कारण ओक-जू सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसत होती. चुल-हो खिडकीबाहेर बघत होता.

"मी नेतो आईला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. खिशातून पासपोर्ट काढून त्यानं मेजावर ठेवला. काळ्या अंगठ्यासकट.

यन-ह्वानं पानं मोजली. पूर्ण होती. मग तारीख बघितली. मुदतीचे सहाच आठवडे उरले होते. तिला सांगावंही लागलं नाही, तीन महिन्यांचा नियम त्याला पाठ झाला होता. ओक-जूनं तर आयुष्यात पासपोर्ट काढला नव्हता.

"माझा आठ वर्षं चालतो," यन-ह्वा म्हणाली.

"तुमचं व्रत?" नामगुंगांनी विचारलं. "उद्या चौऱ्याण्णवावा दिवस. आणखी सात दिवस त्याच देवापुढे, असा संकल्प आहे ना?"

"डोळे मिटून मारलेला शिक्का त्याच देवापुढचा होता," ती म्हणाली. "आता उघड्या डोळ्यांनी थोडं चालून बघते."

मंगळवारी पहाटे तिनं घरीच एकशे आठ नमस्कार घातले. एरवी मोजायची तशी आज ती मोजत नव्हती, तरी शेवटचा आपोआप कळला. नमस्काराची पातळ चटई गुंडाळून तिनं पिशवीत घातली. जिथं पहाट होईल तिथं अंथरता येईल.

खाली फाटकापाशी प्यो आजी उभ्या होत्या. चुल-होनं पेटी गाडीत ठेवली होती आणि आता वंगणाचे हात पाठीमागे लपवून तो उभा होता. ओक-जूनं सासूच्या कोटाचं सुटलेलं बटण तिथल्या तिथं शिवून दिलं आणि दातानं दोरा तोडला.

"चला, आजी," यन-ह्वा म्हणाली.

आजींनी मान हलवली. गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, आणि दल-रेला शिकवलं होतं तसं अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट मिटायला लागल्या.